पूर्ण भाराखाली गोठणारा संगणक : गप्प झालेला कोअर शोधावा लागतो

आपण कळवलेली हकिकत थोडक्यात अशी आहे. दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेला), एकूण ३२ कोअरचा (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी केंद्रे) आणि १२८ जीबी रॅमचा संगणक आहे व त्यावर लिनक्स आहे. द्रवप्रवाहाचे गणित करणारा प्रोग्राम १६ प्रक्रियांवर चालवला तर आठवडाभर बिनतक्रार चालतो. तोच ३२ प्रक्रियांवर चालवला की कधी दोन तासांनी, तर कधी पहाटेच्या सुमारास सगळे यंत्र गोठते. पडद्यावरचा बाण हलत नाही, एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून) आत शिरता येत नाही, पिंगला (‘जिवंत आहेस का’ असे विचारणाऱ्या नेटवर्क संदेशाला) मात्र कधीकधी उत्तर येते. बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर लॉगमध्ये काहीही सापडत नाही. ऑपरेटिंग सिस्टम दोनदा नव्याने टाकून झाली, रॅमची चाचणी एक रात्र चालवून झाली, आणि आता यंत्राचा विक्रेता सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो, तर सॉफ्टवेअर देणारे यंत्राकडे.

सर्वांत आधी एक विनंती करतो. ऑपरेटिंग सिस्टम तिसऱ्यांदा टाकू नये. नव्याने टाकल्याने बिघडलेल्या फाइली ठीक होतात. पण फाइली बिघडलेल्या असत्या तर यंत्र १६ प्रक्रियांवरही अडखळले असते. उलट दर वेळी कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याची, आवृत्ती, ड्रायव्हर आणि बारीकसारीक सेटिंग नकळत बदलत जातात, आणि आज दिसणारा दोष कालचाच आहे की दुसरा, हेही सांगता येईनासे होते.

रिकाम्या लॉगवरून कोणी यंत्रदोषाचा निष्कर्ष काढला असेल, तर तो निष्कर्ष कच्चा आहे. कर्नलचा संदेश आधी रॅममधल्या एका लहानशा जागेत लिहिला जातो. तेथून तो उचलून डिस्कवरच्या लॉगमध्ये टाकण्याचे काम एक साधी प्रक्रिया करते, आणि त्यासाठी तिला मोकळा कोअर मिळावा लागतो, फाइलव्यवस्थेने तिचे लिखाण स्वीकारावे लागते व डिस्कने ते पुरे करावे लागते. यंत्र गोठते तेव्हा या साखळीतली एक तरी कडी बंद पडलेली असते. म्हणजे कर्नल बोललेला असतो, पण त्याचे बोलणे रॅममध्येच राहते आणि आपण बटण दाबताच पुसले जाते. पुढची सगळी तपासणी या शेवटच्या बोलण्याभोवती फिरते, म्हणून ते यंत्राबाहेर कसे काढायचे हे मी पुढे सविस्तर सांगणार आहे.

त्याआधी गोठण्याची जात ओळखावी. ‘हँग झाले’ या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळे प्रकार येतात, आणि बटणाला हात लावण्याआधी दोन मिनिटे यंत्राकडे नीट पाहिले तर त्यांतला कोणता हे बरेचसे कळते. पिंगला उत्तर देण्यासाठी कोणत्याही प्रोग्रामची गरज नसते. नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (हातचे काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा संकेत) आला की कर्नल स्वतःच उत्तर पाठवतो. त्यामुळे पिंग चालते पण एसएसएच चालत नाही, याचा अर्थ निदान एक कोअर जिवंत आहे, इंटरप्ट घेतो आहे, मात्र प्रोग्रामांना पुढे सरकता येत नाही. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का, हे पाहावे. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आहे की पूर्ण विझलेला, हे पाहून लिहून ठेवावे. दिवा अखंड पेटलेला असेल तर यंत्र बहुधा मेलेले नसते; ते कमालीचे मंद झालेले असते. पिंगही नाही, दिवेही नाहीत, कीबोर्डही मेलेला, अशी स्थिती असेल तर संशय यंत्रसामग्रीकडे किंवा सगळ्या कोअरना एकाच वेळी ओढून नेणाऱ्या कर्नलच्या दोषाकडे वळतो. आपल्याकडे पिंग ‘कधीकधी’ चालते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सर्वांत स्वस्त तपासणी स्मृतीची आहे, म्हणून ती आधी उरकावी. ३२ प्रक्रियांना १६ पेक्षा जास्त रॅम लागू शकते. रॅम संपत आली की कर्नल जागा मोकळी करू लागतो, आणि स्वॅप (रॅमला पूरक म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) बंद असले तरी त्याच्याकडे एक मार्ग उरतोच : चालू प्रोग्रामांच्या सूचनांची जी पाने (स्मृतीचे छोटे तुकडे) डिस्कवरून कधीही पुन्हा वाचता येतील, ती तो रॅममधून टाकून देतो. क्षणाने तीच पाने पुन्हा लागतात, पुन्हा वाचली जातात, पुन्हा टाकली जातात. ओओएम किलर (रॅम संपल्यावर एखादा प्रोग्राम बंद पाडणारा कर्नलचा भाग) हस्तक्षेप करीपर्यंत असा घोळ कित्येक मिनिटे चालू राहू शकतो आणि पाहणाऱ्याला यंत्र गोठल्यासारखेच दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० आवृत्तीपासून लिनक्समध्ये प्रॉक या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या) फाइलव्यवस्थेत ‘प्रेशर’ नावाची निर्देशिका आहे. तिच्यातली ‘मेमरी’ ही फाइल दर दहा सेकंदांनी वाचून दुसऱ्या यंत्रावर नोंदवत राहावे. गोठण्याच्या आधी ‘फुल’ या ओळीतला आकडा चढत गेलेला दिसला, तर पुढचे काही वाचण्याची गरज उरणार नाही. प्रक्रिया कमी कराव्यात किंवा रॅम वाढवावी. दोन सॉकेटच्या यंत्रात आणखी एक खाच असते. १२८ जीबी हा एकच हौद नसतो. प्रत्येक सॉकेटला ६४ जीबीचा आपापला हौद असतो, आणि प्रोग्राम न्यूमासीटीएल या आज्ञेने एका हौदाशी बांधलेला असेल तर दुसऱ्यात भरपूर जागा असतानाही पहिला कोरडा पडतो. एकूण मोकळी रॅम दाखवणारी आज्ञा पाहून समाधान मानणाऱ्यांची येथेच फसगत होते.

डिस्कचा प्रकारही लवकर तपासता येतो. आपला प्रोग्राम ठरावीक वेळाने आपली अवस्था फाइलमध्ये साठवत असणार. लिनक्स असे लिखाण आधी रॅममध्ये जमू देतो, आणि सर्वसाधारण सेटिंगमध्ये हे जमणे उपलब्ध स्मृतीच्या २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. १२८ जीबीच्या यंत्रात ही रक्कम २५ जीबीच्या घरात जाते, आणि सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या फिरत्या डिस्कला ती उतरवायला जवळपास तीन मिनिटे लागतात. तेवढा वेळ त्या डिस्कवर काहीही पक्के लिहू पाहणारी प्रत्येक प्रक्रिया खोळंबते. प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अशी अडकली की कर्नल ‘हंग टास्क’ अशी तक्रार नोंदवतो. हे गोठणे आपोआप सुटते, म्हणून पुढच्या वेळी बटण दाबण्याआधी घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबावे. सुटले, तर जमण्याची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये, काहीशे एमबीवर आणून ठेवावी.

आता मुख्य भागाकडे वळतो, कारण आपल्या वर्णनावरून माझा कल या बाजूला आहे. एकापेक्षा अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रात कोअर एकमेकांवर अवलंबून असतात. एका कोअरने स्पिनलॉक (सामाईक माहितीला एका वेळी एकालाच हात लावू देणारे कुलूप) घेतले की ते मागणारा दुसरा कोअर जागच्या जागी फिरत राहतो. काही कामांत तर एका कोअरला बाकीच्यांची पोच मिळाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. या वाटेने एकाचा दोष पसरत जातो. कर्नलमध्ये यावर नजर ठेवणारे पहारेकरी आहेत. एखाद्या कोअरवर २० सेकंद पहारेकऱ्याच्या कामाची पाळीच आली नाही, तर ‘सॉफ्ट लॉकअप’ची तक्रार होते. तपासणी दर ४ सेकंदांनी होत असल्यामुळे प्रत्यक्ष संदेशात बहुधा ‘२२ सेकंद’ किंवा ‘२३ सेकंद’ असा आकडा दिसतो. एखाद्या कोअरने १० सेकंद घड्याळाचा इंटरप्टसुद्धा घेतला नाही, तर ‘हार्ड लॉकअप’ची तक्रार होते; ती करण्यासाठी न अडवता येणारा इंटरप्ट, म्हणजे एनएमआय, वापरला जातो. तिसरी तक्रार आरसीयूची (प्रत्येक कोअरने ठरावीक वेळात हजेरी द्यावी लागते अशा कर्नलमधल्या व्यवस्थेची) असते, आणि मूळ कर्नलमध्ये तिची मर्यादा २१ सेकंदांची आहे.

संदेश कसा वाचायचा ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा असा मजकूर मिळाला : ‘बग : सॉफ्ट लॉकअप, सीपीयू १४, २२ सेकंद अडकला’. खाली कॉल ट्रेस, म्हणजे त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते याची यादी, आहे. तिच्या माथ्यावर एसएमपी-कॉल-फंक्शन-मेनी या नावाचे फंक्शन आणि त्याखाली टीएलबी (स्मृतीचे पत्ते लक्षात ठेवणारा कोअरमधला छोटा तक्ता) पुसण्याचे फंक्शन आहे. पुष्कळ जण येथे थांबतात, १४ क्रमांकाचा कोअर सदोष ठरवतात आणि प्रोसेसर बदलायला निघतात. पण ही ट्रेस काय सांगते ते पाहावे. १४ वर चाललेल्या प्रक्रियेने काही स्मृती परत केली. त्या स्मृतीचे जुने पत्ते इतर कोअरांच्या टीएलबीमध्ये शिल्लक असू शकतात, म्हणून १४ ने त्यांना इंटरप्ट पाठवून ‘पुसा आणि पोच द्या’ असे सांगितले, आणि तो पोचेची वाट पाहत उभा आहे. ज्याने पोच दिली नाही तो कोअर वेगळाच आहे. १४ हा फिर्यादी आहे; आरोपी गप्प आहे. काही सेकंदांत ३, ९, २२ असे आणखी फिर्यादी उभे राहतात, कारण प्रत्येकाला कधी ना कधी त्याच गप्प कोअरची पोच हवी असते किंवा १४ ने धरून ठेवलेले कुलूप हवे असते. नेटवर्कचा इंटरप्ट घेणारा कोअर जोवर या जाळ्यात सापडत नाही तोवर पिंग चालू राहते, आणि सापडला की तेही थांबते. आपल्या ‘कधीकधी’चे स्पष्टीकरण असे असू शकते.

म्हणून सगळ्या तक्रारी समोर ठेवून कोणत्या कोअरचे नाव त्यांत कुठेच नाही, हे शोधावे. येथे आरसीयूची तक्रार फार उपयोगी पडते, कारण हजेरी न दिलेल्या कोअरचा क्रमांक ती नेमका सांगते. हार्ड लॉकअपचा पहारेकरी चालू असेल तर तोही थेट त्याच कोअरवर बोट ठेवतो. मात्र वीज वाचवणारी काही साधने तो बंद करून ठेवतात, तेव्हा तो चालू असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मी हेच कोडे सोडवले होते. तेथेही दोन सॉकेट होते, आणि मोजमापाचे एक कार्ड लावलेले होते, ज्याचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संचाबाहेरचा होता. दिवसा थोड्या कामावर यंत्र व्यवस्थित चाले, आणि सगळे कोअर कामाला लागले की रात्रीतून एकदा तरी गोठे. तेव्हा हार्ड लॉकअपचा पहारेकरी बंद होता, त्यामुळे हाती आलेल्या पाचही तक्रारी पाच वेगवेगळ्या फिर्यादी कोअरांच्या होत्या, आणि मीही पहिले दोन दिवस त्यांतल्या पहिल्याच कोअरमागे घालवले. आरसीयूच्या ओळीत मात्र प्रत्येक वेळी निरनिराळा, तक्रारींत न आलेला कोअर होता. दर वेळी कोअर बदलतो म्हणजे दोष सिलिकॉनमध्ये नाही, हे तेथे लक्षात आले. पहारेकरी चालू केल्यावर पुढच्या रात्री गप्प कोअरची ट्रेस मिळाली : कार्डाचा इंटरप्ट हाताळणारे फंक्शन एका स्पिनलॉकसाठी फिरत होते, आणि ते कुलूप त्याच कोअरवर, इंटरप्ट येण्याच्या क्षणी अर्धवट थांबलेल्या ड्रायव्हरच्याच दुसऱ्या फंक्शनने घेतलेले होते. कुलूप घेताना त्या फंक्शनने इंटरप्ट बंद केले नव्हते. इंटरप्ट हाताळणारा कुलूप सुटायची वाट पाहतो, आणि कुलूप सोडणारा इंटरप्ट संपायची. हा तिढा कधीच सुटत नाही.

भार आणि दोष यांचा संबंध येथे स्पष्ट दिसतो. काम थोडे असताना कार्डाचा इंटरप्ट एका कोअरवर येई आणि कार्ड वाचणारी प्रक्रिया दुसऱ्याच कोअरवर असे. मग इंटरप्ट हाताळणाऱ्याला मायक्रोसेकंदभर थांबावे लागे आणि काम पुढे चाले. सगळे कोअर भरले की शेड्युलर प्रक्रियांना इकडून तिकडे हलवतो, आयआरक्यू-बॅलन्स इंटरप्टांची जागा बदलतो, आणि कधी तरी इंटरप्ट व कुलूप एकाच कोअरवर नेमक्या त्या मायक्रोसेकंदात भेटतात. भाराने दोष निर्माण केला नव्हता, त्याने फक्त ही भेट घडवून आणली होती. ड्रायव्हरचा उगम-कोड उपलब्ध होता. त्यात कुलूप घेण्याचे फंक्शन बदलून इंटरप्ट बंद करणारे फंक्शन घातले, आणि दुरुस्ती दोन ओळींत संपली. कर्नलमध्ये २००६ पासून असलेले लॉकडेप हे साधन चालू करून बांधलेला कर्नल आधीच वापरला असता, तर प्रत्यक्ष तिढा पडण्याची वाट पाहावी लागली नसती. एकदा कुलूप इंटरप्टमध्ये घेतले जाते आणि एकदा इंटरप्ट चालू असताना घेतले जाते, एवढ्या दोन निरीक्षणांवरून लॉकडेप धोक्याची सूचना देतो.

संचाबाहेरच्या ड्रायव्हरकडे मी आधी पाहतो, त्याला एक कारण आहे. १९९६ मध्ये लिनक्सच्या २.० आवृत्तीत बहुप्रोसेसरांची सोय आली तेव्हा संपूर्ण कर्नलला एकच मोठे कुलूप होते. वेग कमी मिळे, पण दोन कोअर कर्नलमध्ये एकमेकांच्या पायात येण्याचा प्रसंगही क्वचितच येई. ते कुलूप हळूहळू फोडत फोडत २०११ च्या २.६.३९ आवृत्तीत पूर्णपणे काढले गेले, आणि त्याच्या जागी आता असंख्य लहान कुलपे आहेत. मूळ संचातल्या कोडवर हजारो यंत्रांचा भार रोज पडत असतो. एखाद्या कार्डासोबत आलेल्या ड्रायव्हरच्या वाट्याला तो येत नाही. आपल्या यंत्रात असे कोणते मॉड्यूल आहेत हे पाहण्यासाठी कर्नलची ‘टेंटेड’ (संचाबाहेरचा कोड आत आल्याची खूण) ही नोंद वाचावी. ग्राफिक्स कार्ड, वेगवान नेटवर्क कार्ड आणि रेड (अनेक डिस्क एकत्र वापरणारा) कंट्रोलर यांचे स्वतंत्रपणे टाकलेले ड्रायव्हर आधी तपासावेत.

आता शेवटचे बोलणे बाहेर काढण्याविषयी. दुसरे एखादे जुने यंत्र हाताशी असेल तर सर्वांत सोपे साधन नेटकन्सोल आहे. ते कर्नलचे संदेश डिस्कला न विचारता थेट यूडीपीने दुसऱ्या यंत्राकडे पाठवते. ऐकणाऱ्या बाजूला सर्वसाधारणपणे ६६६६ क्रमांकाचे पोर्ट असते. मदरबोर्डवर सिरियल पोर्ट असेल तर तो त्याहून भरवशाचा, कारण त्याला नेटवर्क ड्रायव्हरचीही गरज पडत नाही. कर्नलमध्ये एक सेटिंग असे आहे की सॉफ्ट लॉकअप होताच सगळ्या कोअरांच्या ट्रेस एकदम छापल्या जातात. ते चालू करून ठेवावे, म्हणजे गप्प कोअरही पकडला जातो. सिसआरक्यूची, म्हणजे कीबोर्डवरून थेट कर्नलला आज्ञा देण्याची, सोय पूर्णपणे चालू करावी. यंत्र गोठल्यावर ऑल्ट व सिसआरक्यू या कळा धरून एल दाबले की चालू कोअरांच्या ट्रेस छापल्या जातात, डब्ल्यूने अडकलेल्या प्रक्रिया दिसतात, एमने स्मृतीची स्थिती दिसते. हे सगळे नोंदवून झाल्यावर एस, यू आणि बी या क्रमाने दाबले तर डिस्कवरचे लिखाण पुरे होऊन यंत्र त्यातल्या त्यात सुरक्षितपणे पुन्हा सुरू होते. याहून खोल तपासणी हवी असेल तर केडंप या (कर्नल कोसळताना स्मृती साठवणाऱ्या) साधनासाठी रॅमचा थोडा भाग राखून ठेवावा आणि लॉकअप होताच कर्नलने मुद्दाम कोसळावे असे सांगून ठेवावे. मग त्या क्षणाची संपूर्ण स्मृती फाइलमध्ये मिळते आणि कोणते कुलूप कोणाकडे होते हे शांतपणे शोधता येते. दोन सॉकेटच्या बहुतेक मदरबोर्डवर व्यवस्थापनाची स्वतंत्र चिप असते, आणि तिची घटना-नोंद ऑपरेटिंग सिस्टमवर अवलंबून नसल्यामुळे बटण दाबल्यावरही टिकते. आपण ती अजून पाहिलेली दिसत नाही. आजच पाहावी, रॅमची किंवा वीजपुरवठ्याची तक्रार तेथे असेल तर काम लगेच संपेल.

१६ प्रक्रियांवर चालते आणि ३२ वर गोठते, या निरीक्षणाचे मोल आहे, परंतु त्यात एकाच वेळी रॅमचा वापर, वीज, उष्णता, सॉकेटमधली वाहतूक आणि कुलपांवरची गर्दी अशा पाच गोष्टी बदलतात. त्या वेगळ्या कराव्यात. ३२ प्रक्रिया चालवाव्यात, पण निम्म्या आकाराच्या समस्येवर. गोठले तर रॅम कमी पडण्याचा संशय दूर होतो. मग १६ प्रक्रिया फक्त पहिल्या सॉकेटवर बांधून चालवाव्यात, नंतर फक्त दुसऱ्यावर, आणि त्यानंतर दोन्हींवर आठ-आठ. एकाच सॉकेटवर गोठत असेल तर तो प्रोसेसर, त्याची रॅम किंवा त्याला जोडलेली कार्डे संशयित ठरतात. त्यानंतर गणिताऐवजी स्ट्रेस-एनजीसारखा निव्वळ भार ३२ कोअरवर टाकावा. त्यात डिस्क, नेटवर्क किंवा संचाबाहेरच्या कार्डाला हात लावू नये. त्यानेही यंत्र गोठले, तर यंत्रसामग्रीची बाजू बळावते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. एकच कोअर चालू ठेवून यंत्र गोठत नाही, यावरून ‘म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष’ असे म्हणता येत नाही. एकच कोअर असला की कोअर-कोअरमधली कुलपांची भांडणे मिटतात हे खरे, पण त्याच वेळी वीज आणि उष्णताही तळाला जातात.

यंत्रसामग्रीकडे वळल्यावर सगळे जण आधी तापमान पाहतात. ते पाहावेच, एप्रिल-मेमध्ये आणि धूळ साचलेल्या हीटसिंकवर तर नक्कीच. पण निव्वळ तापल्याने आजचा प्रोसेसर सहसा गोठत नाही. तो आधी वेग उतरवतो, आणि हद्द ओलांडली की यंत्र थेट बंद पडते. तापून गोठण्याचा संभव प्रोसेसरभोवतालच्या वीजनियंत्रक भागांकडून, रॅमकडून किंवा डिस्क कंट्रोलरकडून जास्त असतो, आणि त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रॅमची एक रात्रीची चाचणी निर्दोष आली, यावर मी फारसा विसंबणार नाही. ती चाचणी चालू असताना ३२ कोअरांनी ओढलेली वीज आणि सोडलेली उष्णता नसते. इसीसी (लहान चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम असेल तर दुरुस्त झालेल्या चुकांची संख्या रासडेमन या प्रोग्रामने भाराखाली मोजावी. एकाच पट्टीवर ती वाढत असेल तर पट्टी बदलावी. बायोसमध्ये वेग किंवा व्होल्टेज कारखान्याच्या मूल्यांपासून हलवलेले असेल तर ते पूर्ववत करून मगच पुढची चाचणी घ्यावी.

प्रोसेसर स्वतः क्वचितच सदोष असतो, पण असतच नाही असे मानू नये. २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रायझेन प्रोसेसरांवर लिनक्समध्ये एकाच वेळी अनेक संकलने (कोडपासून प्रोग्राम बांधण्याची कामे) चालवली की प्रोग्राम कोसळत, आणि एएमडीने ही अडचण त्याच वर्षी मान्य करून प्रोसेसर बदलून दिले. इंटेलच्या डेस्कटॉपवरील तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे उघड झाल्यावर २०२४ मध्ये कंपनीने त्याचे कारण गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज असे सांगितले आणि ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या, बदलता येणाऱ्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या; झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेच्या दोषसूचीत तर अशी नोंद आहे की सलग सुमारे १०४४ दिवस चालल्यावर एखादा कोअर खोल निद्रावस्थेतून बाहेरच येत नाही. म्हणून आपल्या प्रोसेसरची दोषसूची उघडून पाहावी, आणि बायोस व मायक्रोकोड अद्ययावत करावेत. हा बदल करताना त्याच दिवशी दुसरे काही बदलू नये.

हेच यंत्र विंडोजवर चालवले असते तरी तर्क तोच राहिला असता. निळ्या पडद्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’, म्हणजे षोडशमान पद्धतीतला १०१ हा संकेत आला, तर दुसऱ्या एखाद्या प्रोसेसरने ठरलेल्या वेळात घड्याळाचा इंटरप्ट घेतला नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि गप्प प्रोसेसरचा क्रमांक त्याच्या चौथ्या घटकात दिलेला असतो. आभासी यंत्रात सॉफ्ट लॉकअप दिसला तर मात्र आधी यजमान यंत्र पाहावे. यजमानाने आभासी कोअरला बराच वेळ पाळीच दिली नाही, तर आतला कर्नल निर्दोष असूनही तक्रार करतो. ‘स्टील’ या रकान्यातला आकडा त्याची साक्ष देतो.

आपल्यासाठी माझा क्रम असा राहील : आज व्यवस्थापन-चिपची नोंद, स्मृतीच्या ‘प्रेशर’ची नोंदणी आणि नेटकन्सोल, उद्या रात्री पहारेकरी व सर्व-कोअर ट्रेस चालू ठेवून तेच ३२ प्रक्रियांचे गणित. मिळालेला मजकूर न कापता पाठवावा. कारण शेवटच्या ओळींपेक्षा पहिल्या तक्रारीच्या आधीच्या दहा-वीस ओळी बहुधा अधिक सांगतात, आणि लोक नेमक्या त्याच गाळतात.

दुरुस्ती सापडल्यावर ती खरी की भासमान, हे एका शांत रात्रीवरून ठरवू नये. आपले यंत्र कधी दोन तासांनी गोठते तर कधी पहाटे. सरासरी आठ तास धरू. असा दोष योगायोगाने प्रकट होत असेल, तर काहीही दुरुस्त न करताही यंत्र सलग आठ तास टिकण्याची शक्यता ३७ टक्के असते, आणि चोवीस तास टिकण्याची सुमारे ५ टक्के. म्हणून तेच गणित, तेवढ्याच ३२ प्रक्रियांवर, किमान चोवीस तास आणि जमल्यास दोन दिवस अखंड चालवावे. मग केलेला बदल काढून टाकून यंत्र पुन्हा गोठते का, हेही एकदा पाहावे. ते पुन्हा गोठले, तर विक्रेता आणि सॉफ्टवेअर देणारे या दोघांपैकी ज्याचा तो प्रश्न असेल त्याच्यासमोर ट्रेससह ठेवता येईल.